माफी मागितली तर धाक राहील का?

प्रश्न : मी सातपूरच्या कारखान्यात पाळीने काम करतो. रात्रपाळीहून घरी आलो, तेव्हा सात वर्षांच्या मुलाने पाण्याची बाटली पुन्हा हरवल्याचे कळले आणि मी त्याला चापट मारली. तेव्हापासून तो मोजकेच बोलतो. बापाने मुलाची माफी मागावी का? मागितल्यास धाक राहील का?

उत्तर : मागावी. माझी मुलगी तिसरीत असताना तिने ओली छत्री दप्तरात कोंबली आणि सगळ्या वह्या भिजवल्या. मी तिला भरपूर सुनावले. रात्री इस्त्रीने एकेक पान वाळवत असताना ती हळूच म्हणाली, की छत्री वर्गाबाहेर ठेवली की हरवते आणि हरवली की बाबा ओरडतात. म्हणजे वह्या पावसाने नव्हे, माझ्या आदल्या वर्षीच्या ओरडण्याने भिजल्या होत्या. धाक राहतो तो असा. मूल वस्तू सांभाळण्याऐवजी आपला राग सांभाळू लागते.

माफी एका वाक्यात मागावी. ‘चुकलो’ या शब्दानंतर ‘पण तूसुद्धा’ आले, की ती माफी न राहता दुसरे भाषण होते. मुलगा लगेच गळ्यात पडेल, अशी अपेक्षाही ठेवू नये. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली आहे. घरात आपल्याला कोणी अडवत नाही, एवढ्यावरून चापट योग्य ठरत नाही. बाटलीचा विषय मात्र सोडू नये. तो रात्रपाळीनंतरची आपली झोप झाल्यावर काढावा आणि बाटली नेमकी कोठे राहते, हे त्यालाच आठवायला सांगावे.

प्रश्न : अडीच वर्षांची मुलगी मेन रोडवर खेळणे हवे म्हणून रस्त्यातच लोळण घेते. लोक बघतात, म्हणून मी खेळणे घेऊन देते.

उत्तर : या वयात इच्छा मोठी आणि शब्द तोकडे असतात, त्यामुळे असे आकांत बहुतेक घरांत होतात. आपण खेळणे घेता ते मुलीसाठी नव्हे, बघणाऱ्यांसाठी. तिला उचलून कडेला न्यावे, जवळ बसावे, कमी बोलावे आणि ती शांत झाल्यावरही खेळणे घेऊ नये. ती स्वतःला इजा करत असेल किंवा चौथ्या वर्षानंतरही हे वारंवार होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. मी पहाटे पाचला बागेत असतो. दहावीतला मुलगा मात्र रात्री एकपर्यंत जागतो आणि सकाळी उठत नाही. हा आळस कसा घालवावा?

उत्तर : याला सरसकट आळस म्हणू नये. वयात येताना झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे झोपेची वेळ आपोआप पुढे सरकते. त्यात मोबाइलची भर पडते. या वयात आठ ते दहा तासांची झोप लागते. आपण छाटणीची तारीख स्वतःच्या बागेची अवस्था पाहून धरता, शेजाऱ्याने छाटली म्हणून धरत नाही. तसेच त्याचे घड्याळ आपल्या घड्याळाला जुंपू नये. साडेदहाला घरातले सगळे मोबाइल ओसरीवर चार्जिंगला लावावेत, सकाळी त्याला उन्हात थोडे चालायला लावावे आणि रविवारीही उठण्याची वेळ फार लांबू देऊ नये. ‘सगळे मोबाइल’ म्हणजे पिंपळगावचे बाजारभाव रात्री अकराला पाहणारा आपलाही.

प्रश्न : मी पंचवटीत राहणारी आजी आहे. सून दीड वर्षांच्या नातवाला मोबाइल दाखवत भरवते. बोलले की वाद होतो.

उत्तर : या वयात पडदा दाखवू नये, हे आपले म्हणणे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशीला धरूनच आहे. तरीही ते सुनेला ऐकवू नये. संध्याकाळचे एक जेवण आपण स्वतःकडे घ्यावे, मऊ भाताची वाटी घेऊन नातवाला ओट्यावर बसवावे आणि त्याने अर्धी वाटी सांडली तरी सांडू द्यावी. तेवढा वेळ सुनेला मोकळा मिळू द्यावा.