कोलेस्टेरॉलची गोळी आणि जड झालेले पाय

प्रश्न : माझे वय ६४ असून मी येळ्ळूर येथे राहणारा निवृत्त शिक्षक आहे. पाच महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका आल्याने बेळगावात माझी अँजिओप्लास्टी झाली आणि तेव्हापासून इतर औषधांबरोबर ॲटोर्व्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅमची एक गोळी रोज रात्री चालू आहे. प्रकृती इतकी सुधारली होती की डॉक्टरांच्या परवानगीने मी सकाळी राजहंसगडाच्या पायथ्यापर्यंत चालत जात होतो. गेल्या तीन आठवड्यांत मात्र दोन्ही मांड्या जड झाल्या आहेत. भजनाला मांडी घालून बसलो की उठताना शेजारच्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागतो आणि घराच्या चार पायऱ्याही कठड्याला धरून चढतो. दरवर्षी वारीला जाणारे आमचे एक स्नेही म्हणतात की, या गोळ्या पाय धरतात, बंद करून टाका. काय करावे? दुसरा काही आजार नाही. भात लावणीच्या चिखलात उभे राहून जांघेत गजकर्ण झाले आहे, त्यासाठी गावातल्या डॉक्टरांनी दिलेल्या इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल महिनाभर घेत आहे, एवढेच.

उत्तर : गुरुजी, आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण ‘एवढेच’ म्हणून शेवटी लिहिले आहे. ॲटोर्व्हास्टॅटिनचा निचरा शरीरातील ज्या एन्झाइममुळे होतो, तेच एन्झाइम इट्राकोनाझोल अडवून धरते. त्यामुळे गोळी तीच राहते, पण रक्तातील तिचे प्रमाण सुमारे तिपटीपर्यंत वाढू शकते. म्हणूनच ही दोन औषधे एकत्र द्यावीच लागली, तर ॲटोर्व्हास्टॅटिन दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर नेऊ नये, असा नियम आहे. आपली गोळी ४० ची आहे. चार महिने ती आपल्याला निर्धास्त मानवली, कॅप्सूल सुरू झाल्या आणि मग मांड्या जड झाल्या, हा क्रम पाहता माझा संशय एकट्या गोळीवर नसून या जोडीवर आहे.

आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना आजच गाठून ही दोन्ही औषधे एकत्र चालू असल्याचे सांगावे आणि रक्तातील सीपीके तपासून घ्यावे. स्नायूंना इजा झाली की हा घटक वाढतो. तो सामान्य कमाल मर्यादेच्या दहापटीहून अधिक असल्यास स्टॅटिन, म्हणजे ॲटोर्व्हास्टॅटिनच्या गटातील कोलेस्टेरॉलची गोळी, लगेच थांबवतात. तेवढा नसला तरी आपल्यासारखा अशक्तपणा असताना ते काही दिवस थांबवून पाहण्याचा निर्णय डॉक्टर घेऊ शकतात. गजकर्णासाठी बहुधा ते लावण्याचे मलम देतील किंवा दुसरे औषध सुचवतील. इट्राकोनाझोलचा प्रश्न स्नायूंपुरताच नाही. झटक्यानंतर ज्यांचे हृदय कमकुवत झाले आहे त्यांच्यासाठी ते धोक्याचे ठरू शकते, आणि स्टेंटनंतर (अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीनंतर) रक्त गोठू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टिकाग्रेलॉरबरोबर तर ते वर्ज्यच आहे. आपल्या पाकिटात ती गोळी आहे का, हेही पाहावे. लघवीचा रंग चहाच्या कोऱ्या काढ्यासारखा गडद झाला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालयात जावे. स्नायू झिजून त्यांचे घटक मूत्रपिंडात उतरू लागल्याची ती खूण असू शकते. हा प्रकार फार विरळा आहे, परंतु औषधांच्या अशा जोडीनेच तो अधिक संभवतो.

आपल्या स्नेह्यांचा सल्ला आपुलकीचा असला तरी मानू नये. माझा अनुभव असा की, ‘कोलेस्टेरॉलची गोळी बंद’ असे ठरवणारा माणूस अनेकदा पूर्ण पाकीटच फडताळात टाकतो. स्टेंट बसवून पाचच महिने झालेल्या माणसाने रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या स्वतःहून थांबवल्या, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो.

वारीच्या मित्राचे म्हणणे निराधार आहे, असेही मी म्हणणार नाही. स्टॅटिनमुळे स्नायूंचा त्रास होतो. तो बहुधा दोन्ही बाजूंना सारखा, मांड्या, कंबर, पोटऱ्या अशा मोठ्या स्नायूंत जाणवतो आणि औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत दिसतो. मात्र त्याचे प्रमाण लोक समजतात त्याहून बरेच कमी आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १९ चाचण्यांतील सुमारे १ लाख २४ हजार लोकांच्या एकत्रित अभ्यासात स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के लोकांनी स्नायूंच्या दुखण्याची किंवा अशक्तपणाची तक्रार केली, आणि खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्क्यांनी. साठीच्या पुढे पाय दुखायला गोळीच लागते असे नाही, एवढे यातून कळते. काही डॉक्टर याच आकड्यांच्या आधारे रुग्णाची तक्रार कानाआड करतात, ते मला मान्य नाही. जमिनीवरून उठता न येणे ही नुसत्या दुखण्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे.

रक्त देतानाच टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि जीवनसत्त्व ड यांचीही तपासणी करून घ्यावी. थायरॉइड मंदावले असेल तर कोलेस्टेरॉलही त्यानेच वाढते आणि स्नायूही त्यानेच ढिले पडतात, व त्या अवस्थेत स्टॅटिनचा त्रास अधिक होतो. ही तपासणी राहून गेलेले रुग्ण मी बरेच पाहिले आहेत.

त्रास गोळीचाच असेल, तर ती थांबवल्यावर साधारण दोन ते आठ आठवड्यांत पाय पूर्ववत होतात. मग कमी मात्रेने, किंवा रोसुव्हास्टॅटिनसारखे दुसरे स्टॅटिन देऊन, पुन्हा सुरुवात करता येते. बहुतेकांना यांपैकी काहीतरी मानवते. तरीही नाही जमले, तर कोलेस्टेरॉलसाठीच पण स्टॅटिन नसलेले एझेटिमाइब आहे, आणि यकृतातच सक्रिय होणारे व स्नायूंत न होणारे बेम्पेडोइक ॲसिडही आहे. गोळी थांबवूनही अशक्तपणा वाढत गेला, तर शरीराची प्रतिकारशक्तीच स्नायूंवर उलटली आहे का, हे पाहण्यासाठी एक वेगळी रक्ततपासणी करतात. असे लाखात दोघातिघांच्याच वाट्याला येते.

आणखी एक. आपल्या भागात ऑपरेशन बेळगावात, दुसरे मत कोल्हापुरात किंवा मिरजेत, आणि ताप-खरूज-गजकर्ण गावातच, अशी वाटणी असते आणि कोणाचा कागद कोणाला दिसत नाही. गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत आणि प्रत्येक डॉक्टरांना दाखवावेत. मोठ्या अक्षरांतील व्यापारी नावाखाली बारीक अक्षरांत खरे नाव असते. त्याच्या शेवटी ‘कोनाझोल’ दिसले, किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिसले, की ‘मी स्टॅटिन घेतो’ हे सांगावे.

प्रश्न : माझे सासरे ७० वर्षांचे आहेत. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत त्यांनी आयुष्यभर काम केले, बिडी अजून सुटलेली नाही. दोन वर्षांपासून रोसुव्हास्टॅटिन १० घेतात. अलीकडे बाजारपेठेपर्यंत गेले की उजवी पोटरी आवळते, दोन मिनिटे उभे राहिले की सुटते. गोळी बदलावी का?

उत्तर : ताई, गोळीचे दुखणे ठरावीक अंतरावर सुरू होऊन उभे राहताच थांबत नाही, आणि ते एकाच पायाला सहसा धरत नाही. आपण वर्णन केलेला प्रकार पायाची रक्तवाहिनी अरुंद झाल्याचा वाटतो, आणि तसे असेल तर ही गोळी त्यांना अधिकच हवी. कदाचित तिची मात्राही वाढवावी लागेल. घोट्याजवळचा रक्तदाब मोजून त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागतात, उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आले तर निदान बहुधा पक्के होते. साखरही तपासावी. बिडी सोडणे हे या आजारात औषधाइतकेच मोलाचे आहे, आणि पोटरी आवळेपर्यंत चालणे, थांबणे, पुन्हा चालणे हा व्यायाम डॉक्टरांना विचारून रोज केल्यास चालण्याचे अंतर वाढते. रात्री झोपेत पाय दुखून जाग येऊ लागली, किंवा बोटावर न भरणारी जखम अथवा काळसरपणा दिसला, तर त्याच दिवशी रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदांना दाखवावे.