आधी त्यांच्याशी बोला

अपंग व्यक्तींसोबतच्या या कामात नव्यानं आला आहात, तर आधी एक सवय लावून घ्या. त्या व्यक्तीला काय हवं ते तिलाच विचारा, सोबत आलेल्या भावाला नाही. मी सुरुवातीला पालकांशीच बोलायचे आणि मुलं शेजारी बसून ऐकायची. त्याची खंत अजून आहे.

सत्कार केला, फोटो काढला, एवढ्यानं कुणी समाजात सामील होत नाही. अपंगांना संस्थेच्या कार्यकारिणीवर घ्या, हिशेब त्यांच्या हाती द्या. रॅम्प बांधताना एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबी ठेवा. चढ जास्त असला की व्हीलचेअर ढकलायला कुणीतरी लागतंच.

सगळ्यात अवघड प्रश्न घरात येतो. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातलं कलम १९ सांगतं, की कुठं आणि कुणासोबत राहायचं हे त्या व्यक्तीनं निवडायचं. कलम २९ गुप्त मतदानाचा हक्क देतं; मदतनीस लागला तर तोही मतदाराच्या पसंतीचा. घरचे मात्र काळजीपोटी सगळं परस्पर ठरवतात. त्यांच्यावर रागावू नका, ती माणसं थकलेली असतात. पुन्हा पुन्हा भेटा, आणि प्रत्येक भेटीत पहिला प्रश्न त्या व्यक्तीलाच विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर थांबा.