कडाक्याच्या थंडीत लांडग्या-कोल्ह्यासाठी पायाचा सापळा कोणता घ्यावा? डबल स्प्रिंगचा चांगला का?

स्प्रिंगचा विषय काढलाय म्हणून लिहितोय, नाहीतर पुढं गेलो असतो. मी सोलापूरला एमआयडीसीत स्प्रिंगच्या कारखान्यात आहे, यंत्रमागाच्या आणि ट्रॅक्टरच्या स्प्रिंगा गुंडाळण्यात केस पांढरे झाले. तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या व्हिडिओत बर्फात दोनाच्या जागी चार स्प्रिंगांचा सापळा लावतात कारण थंडीत स्प्रिंग मंद पडते, मग आपल्या शेळ्यांच्या गोठ्यासाठी तसलाच मागवावा का.

थंडीत स्प्रिंग मंद पडत नाही. उणे वीस डिग्रीला स्प्रिंगचं पोलाद झालंच तर एखाद टक्का ताठ होतं, सैल नाही. वेल्डिंग कच्चं असेल तर ते गारठ्यात तडकू शकतं, पण तो वेल्डिंगवाल्याचा दोष. तिकडं थंडीत फसते ती माती. दिवसा बर्फ वितळून पाणी सापळ्यात उतरतं आणि रात्री गोठतं, की मधली चकती, जिच्यावर जनावराचा पाय पडायचा असतो, ती खालच्या मातीसकट दगड होऊन बसते. मग वर हत्ती उभा राहिला तरी जबडा मिटणार नाही. म्हणून तिकडचे लोक उन्हाळ्यातच माती वाळवून त्यात मेण वितळवून कालवतात, त्या मातीत पाणी शिरत नाही. कुणी पीट मॉस, म्हणजे दलदलीतलं वाळलेलं शेवाळ वापरतं, कुणी धान्याचा कोंडा. मीठही टाकतात, पण मिठानं लोखंड गंजतं. चकतीखाली पोकळी राहिली पाहिजे आणि सापळा जमिनीत घट्ट बसला पाहिजे, डुगडुगला की जनावर पाय काढून घेतं. चार स्प्रिंगा कशाला, तर वर जमलेला कडक पापुद्रा फोडून जबडा झटक्यात वर यावा म्हणून. म्हणजे जोर पापुद्र्यासाठी लागतो, थंडीसाठी नाही. हा फरक मी आमच्या आण्णाला कितीदा सांगितला असेल!

आण्णा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. मार्डीच्या पुढं माळाला लागून त्याचं रान, उस्मानाबादी शेळ्या पाळतो. नान्नजचं माळढोक अभयारण्य तिथनं लांब नाही, लांडगं त्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या हाय. एका हिवाळ्यात त्याची दोन करडं गेली आणि त्यानं तुमच्यासारखेच व्हिडिओ बघितले. कारखान्यात आला, मोबाईलवरचं चित्र दाखवून म्हणाला, एवढी गुंडाळून दे. मी म्हटलं, "आण्णा, येड लागलंय का, ह्याच्यात आधी कोण सापडंल तुला माहीत हाय का?" नाही म्हटल्यावर रागानं गेला आणि गावातल्या लोहाराकडनं जीपच्या जुन्या कमानपाट्याचा सापळा ठोकून घेतला. जबड्याला दातपण करून घेतले होते वर.

गड्ड्याची जत्रा चालू होती तेव्हा, हुरड्याचे दिवस. बांधाच्या कडेला काळ्या मातीत सापळा पुरला. शेजारच्या ज्वारीला पाणी चालू होतं, पाझर त्याच्यावर आला आणि नंतर ऊन पडलं. काळी माती वाळली की काय होतं ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको, चकतीच्या भोवती सिमेंट! बर्फ नसताना बर्फाचंच काम झालं. सकाळी बघतो तर चकतीवर पंजाचा ठसा उमटलेला, नखांसकट, आणि सापळा तसाच आ वासून. आण्णाचा मला फोन, "थंडीनं पाटा ढिला पडलाय बे." मी म्हटलं माती खरवडून बघ. ऐकतोय कशाला, लोहाराकडं जाऊन दुसरा पाटा जोडून आणला. मात्र नवीन जागी पुरताना वरनं भुस्सा टाकला. म्हणजे काम केलं भुश्यानं आणि नाव झालं पाट्याचं.

त्या आठवड्यात खालच्या वावरात धनगरांची मेंढरं बसवलेली होती, खतासाठी. दोन रात्रींच्या बोलीवर धान्य ठरलेलं, बोलावलं आण्णानंच. पहाटे कुत्र्याचं ओरडणं ऐकू आलं. मी सुट्टीला तिथंच होतो. मेंढक्याचं कुत्रं, पुढचा उजवा पाय जबड्यात, आणि जवळ जाईल त्याला चावायला येतंय. मेंढक्यानं स्वतःच्या अंगावरची घोंगडी त्याच्या तोंडावर टाकून त्याला मांडीखाली दाबलं, मी आणि आण्णा दोन बाजूंनी पाट्यावर उभे राहिलो तरी जबडा दोन बोटंच उघडला, डबल पाटा ना! शेवटी पहार घालून पाय काढला. हाड मोडलं नव्हतं पण पंजा सुजून दुप्पट, दोन बोटं पुढं झडली. मेंढका शिवी एक देईना. एवढंच म्हणाला, "मालक, आमचं कुत्रं तुमच्याबी शेळ्या राखत हुतं की." आणि वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, गुंडाळून, उरलेली रात्र न बसवता खांड घेऊन गेला. त्याच रात्री आण्णाचं तिसरं करडू गेलं.

आणि आण्णा आजतागायत, कुठल्याही लग्नात पंगतीत बसला की म्हणतो, ह्यानं चांगली स्प्रिंग करून दिली असती तर कुत्र्याऐवजी लांडगं अडकलं असतं. स्प्रिंगेला काय नाक असतं का, वास घेऊन मिटायला? एकदा त्याच्यासमोर मी तसल्याच पाट्याचा तुकडा आइसकांडीवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवला आणि सकाळी कारखान्यात लोड टेस्टरवर दाबून दाखवला, काटा आदल्या दिवशीच्याच आकड्यावर. म्हणतो, मशीन तुझी, तू म्हणशील तसं दाखवणार.

तर तुमचा प्रश्न, कोणता घ्यावा. कोणताच घेऊ नका. तिकडं कोयोटसाठी, म्हणजे लांडग्याच्याच जातकुळीतल्या छोट्या जनावरासाठी, गुंडाळलेल्या स्प्रिंगचा छोटा सापळा चालतो, लांडग्याला मोठ्या जबड्याचा लागतो. जबडे मिटल्यावर मधे थोडी फट ठेवतात, कड जाड करतात, साखळीला फिरकी देतात, म्हणजे पाय पिळत नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत रोज सापळा तपासायची सक्ती आहे. तरी युरोपियन युनियननं 1995 पासून हे सापळे बंद केले आणि इंग्लंडनं दातांचा जबडा 1958 लाच बंद केला. आपल्याकडं 1972 च्या वन्यजीव कायद्यात सापळा लावणं म्हणजे शिकारच, नुसता प्रयत्न केला तरी. लांडगा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत. हे मी वर लिहायला पाहिजे होतं, पण आण्णाचं नाव निघालं की माझं असंच होतं.

गोठ्याचं म्हणाल तर आधी बघा की खातंय कोण. पाच-सहा शेळ्या जागोजाग फाडून तशाच टाकल्या असतील तर बहुतेक गावातली मोकाट कुत्री. लांडगा गळा धरतो आणि जमलं तर उचलून नेतो. जाळी सहा फूट उंच, आणि बुडाशी दोन फूट बाहेरच्या अंगाला आडवी पसरून वर दगड, कारण ते उकरतं. करडं रात्री डालग्याखाली किंवा आतल्या खोलीत. दिवस मावळताना चरून येताना मागं रेंगाळणारी शेळीच जाते, तेव्हा मागं एक माणूस पाहिजे, मोबाईल न बघणारा. कुत्री दोन ठेवा, गळ्यात खिळ्यांचा पट्टा घाला. आणि जवळपास धनगर उतरले असतील तर त्यांना आपल्याच रानात बसवा, त्यांची कुत्री फुकटात राखण करतात.

एवढं करूनही शेळी गेलीच तर मढं हलवू नका, लगेच वनरक्षकाला कळवा, पंचनामा झाला तर भरपाई मिळते, लांडग्यानं मारलं तरी. फोटोत कानातला बिल्ला आणि गळ्यावरच्या दातांच्या खुणा दिसू द्या. सापळा लावलेला सापडला तर भरपाई राहिली बाजूला, तुमच्यावरच केस. आण्णाचा सापळा आता माझ्याकडं कारखान्यात आहे, दात आणि जबडा कटरनं कापून टाकलेत, दोन्ही पाटे ठेवलेत. ज्याला थंडीनं पाटा ढिला पडतो असं वाटतं त्यानं यावं, टेस्टर चालू करून देतो, फ्रीजरचे पैसे माझे.