आधी वेगळं कर

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या औषधाच्या नमुन्याचा क्रोमॅटोग्राम, म्हणजे कॉलमच्या नळीतून एकेक घटक वेगळा होऊन बाहेर पडतो त्याचा आलेख, पाहिला. दोन पीक, म्हणजे दोन घटकांचे उंचवटे, एकमेकांना चिकटलेत, सॉफ्टवेअरने मधल्या दरीत उभी रेघ मारून दोघांचं क्षेत्रफळ, म्हणजे प्रमाण, दिलं, गाइड म्हणतात चालेल, आणि तू मला विचारतेस. उत्तर तुला ठाऊक आहे, नाहीतर विचारलंच नसतंस.

आधी वेगळं कर, मग मोज. तुझा छोटा पीक, म्हणजे अशुद्धी, मोठ्याच्या शेपटीवर बसलाय. उभ्या रेघेमुळे शेपटीचा तुकडा छोट्याच्या हिशोबात जातो आणि अशुद्धी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. हे औषध आहे बाळा, कोणाच्या तरी पोटात जाणार आहे.

लांब कॉलम लाव, असा सल्ला मिळेल. लांबी दुप्पट केलीस तरी रिझोल्यूशन, म्हणजे दोन पीकमधली फारकत, वाढतं फक्त १.४ पट, वेळ आणि दाब दुप्पट. उलट अल्फा, म्हणजे दोन घटकांना कॉलम किती वेगळं धरतो त्याचं गुणोत्तर, १.०५ वरून १.१० वर गेला तर रिझोल्यूशन जवळजवळ दुप्पट होतं. त्यासाठी रसायनशास्त्र वापरावं लागतं. तुझ्या आम्लाचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू आयनीभूत असतात तो, ४.२, आणि पीएच स्थिर ठेवणारं बफर द्रावण ४ चं? पीएच किंचित हलला तरी पीक सरकणारच! एवढं तरी बघायचं होतंस. २.५ वर आण, आयनीभवन दबेल, कॉलममधलं सी-१८ हे तेलकट भरण त्याला जास्त वेळ धरून ठेवेल. वाहत्या द्रावकात ॲसिटोनायट्राइलऐवजी मेथनॉल लावूनही बघ.

रेणूंचं वस्तुमान मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर आहे की, असंही म्हणतील. दोन्ही आयसोमर, म्हणजे त्याच अणूंची वेगळी मांडणी, निघाले तर? वस्तुमान तेच. म्हणून आधी वेगळं कर.

क्रोमॅटोग्राफीचा जनक, रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत, याने १९०६ साली खडूच्या भुकटीतून पानांमधली रंगद्रव्यं वेगळी करून दाखवली. १९३१ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला कून आणि लेडरर या संशोधकांनी ती पद्धत पुन्हा हाती घेईपर्यंत बहुतेक रसायनशास्त्रज्ञांनी तिच्याकडे पाठच फिरवली होती. त्स्वेतला हे बघायला मिळालं नाही, १९१९ मध्येच तो गेला.

माझे पेपर थोडे आहेत. प्रमोशनच्या मुलाखतीत त्याचा जाब विचारला गेला, बरोबरीचे पुढे गेले, त्याची सल आजही आहे. पण चिकटलेल्या पीकचा एकही आकडा मी छापायला दिला नाही, विद्यार्थ्यांनाही देऊ दिला नाही. त्यांचे प्रबंध लांबले, त्यांच्या घरच्यांची बोलणी मी खाल्ली. विद्यार्थी मला हट्टी म्हणायचे, अजूनही म्हणत असतील. पुन्हा संधी मिळाली तरी मी असाच वागेन.

गाइडशी भांडू नकोस. जुना आणि नवा, दोन्ही क्रोमॅटोग्राम शेजारी ठेव आणि दाखव.

सोमवारी नवा बफर कर, कॉलम नीट समतोलाला येऊ दे, घाई करू नकोस. मग मला पाठव. टक्केवारीचा तक्ता नको, पूर्ण आलेख हवा, पीकखालची बेसलाइन दिसेल असा.

तुझे सर