पाणी किती फुटांवर आहे?

'काकू, मी मूळची कोल्हापूरची, राजारामपुरीची. गेली नऊ वर्षं न्यू जर्सीत आहे. मागच्या महिन्यात ह्यांची नोकरी गेली. नोकरीवरचा एच-वन-बी व्हिसा, म्हणजे नोकरी गेल्यावर अमेरिकेत राहायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस. त्यातले २३ गेले. सासूबाई रोज सकाळी अंबाबाईला जाऊन येतात आणि फोनवर म्हणतात, "देवी बघतीया, तू काळजी करू नको." आता ते ऐकलं की मला रागच येतो. तीन आठवडे देवापुढं दिवा लावलेला नाही. आठ वर्षांची लेक विचारते, "आजी एवढं सांगते तरी देवबाप्पा का ऐकत नाही?" तिला काय सांगू? आणि माझी श्रद्धाच संपली का हो?'

अगं, तुझं '२३ गेले' वाचलं आणि मला आपला जुलै-ऑगस्टच आठवला. तू दिवस मोजतेस, आम्ही फूट मोजतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. पाऊस धरला की अख्खं कोल्हापूर तासातासाला एकमेकांना एकच विचारतं, 'किती झालं?' तूही तिथून बघत असशीलच. तेव्हा मोजत बसल्यानं जीव कसा अर्धा होतो, ते मला वेगळं सांगायला नको.

माझं माहेर कुरुंदवाडचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इकडं बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, हायवे बंद पडला, आणि तिकडं शिरोळ तालुका पाण्याखाली. माझ्या आईला भावानं नावेत बसवलं तेव्हा तिच्या कमरेला एक पुरचुंडी होती. आम्हाला वाटलं, दागिने असतील. देवघरातले चांदीचे टाक निघाले. एका शाळेच्या वर्गात सगळ्यांची सोय केली होती. तिथं खिडकीच्या कट्ट्यावर तिनं स्टीलचं ताट पालथं घातलं, त्यावर टाक मांडले आणि मदतीत आलेल्या ग्लुकोज बिस्किटांतली दोन नैवेद्याला ठेवली. मग हात जोडून जी भांडायला लागली! 'दत्ता, पाणी तुझ्या पायाला लागलं तवर ठीक हुतं. माझ्या म्हशींनी काय केलं हुतं रं तुझं?' दोन म्हशी गेल्या होत्या. वर्गातली माणसं गप्प झाली. आईचं झालं, तिनं डोळे पुसले, एक बिस्कीट शेजारच्या पोराला दिलं आणि भावाला विचारलं, 'पाणी किती फुटांवर हाय?'

आईची श्रद्धा संपली होती म्हणून ती भांडली, असं तिथं कुणालाही वाटलं नाही. भांडायला समोर कुणीतरी लागतं. तुझा राग ज्याच्यावर आहे त्याला तू अजून धरून आहेस, असं मी तरी समजते. सासूबाईंवर तो काढू नकोस, एवढंच. त्या तुला गप्प करत नाहीत, स्वतःला धीर देतायत. कोल्हापुरात बसून एका बाईला दुसरं काय करता येतं? गाभाऱ्यापर्यंत चालत जाता येतं, ते त्या करतायत.

आता लेकीचं. तिला नरसोबाच्या वाडीची गोष्ट सांग. तू लहानपणी गेलीच असशील. देऊळ घाटावरच आहे, समोर कृष्णा. पावसाळ्यात नदी चढत चढत उत्तरेच्या दारानं आत शिरते, दत्ताच्या पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते. हाच दक्षिणद्वार सोहळा. रात्री दोनला झाला तरी माणसं त्या पाण्यात स्नानाला धावतात. पाणी आणखी चढलं की देऊळच बुडतं. मग उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात आणतात आणि पूजा तिथं सुरू राहते. नदी उतरली की गाभाऱ्यात गाळ. झाडू, पाइप, बादल्या घेऊन पुजारी आणि गावकरी तो काढतात आणि देव पुन्हा खाली. दरवर्षी नाही, पण आमच्या पिढीनं कितीतरी वेळा पाहिलंय.

पोरीला म्हणावं, देवबाप्पाच्या घरातपण पाणी येतं. तो पाणी थांबवत बसत नाही, आणि माणसं त्याला सोडून जात नाहीत, उचलून वर नेतात. आजी तेच करते. बाबाला नोकरी कधी मिळेल ते आजीला, आईला, कुणालाच माहीत नाही, हेही सांग. आठ वर्षांच्या पोराला एवढं खरं झेपतं. खोटं मात्र लगेच कळतं.

'६० दिवसांत दे' असं देवाला बजावू नकोस, असं मी सांगणार नाही. माग. आपण व्यवहारी माणसं, नवस बोलतो, ओटी कबूल करतो, त्यात लाजायचं काय? पण किरणोत्सवाला, म्हणजे मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात त्या दिवसांत, महाद्वारातून आत आलेली किरणं कधी ढगांनी अडतात, कधी इमारतींनी, आणि देवीच्या कमरेपर्यंतसुद्धा न चढता विरतात. तेव्हा 'अंबाबाई रुसली' म्हणून कुणी घरी जात नाही. 'ढग आलं गा' म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचला येऊन उभे राहतात. तुमच्या ६० दिवसांचंही तसंच. तो अमेरिकेचा नियम आहे, तुमच्या पुण्याईचं माप नव्हे.

आणि नियम आहे म्हणून त्याचं कामही नियमातच करायचं. आजच्या आज इमिग्रेशन वकिलाशी बोला. मुदतीच्या आत दुसऱ्या कंपनीनं अर्ज केला तर वाट असते, व्हिसाचा प्रकार बदलायचा अर्जही मुदतीतच करावा लागतो. तू एच-फोरवर, म्हणजे ह्यांच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर असशील तर तुझं आणि लेकीचं काय, हे वेगळं विचार. फोनवरून 'खात्रीशीर अनुष्ठान, महिन्यात नोकरी' विकणारा भेटला तर सरळ फोन ठेव. डॉलर दिसले की असल्यांची भक्ती उफाळून येते. ह्यांच्यावरही लक्ष ठेव. पुरुष माणूस गप्प गप्प झाला, जेवेना, झोपेना, तर 'येतील सावरून' म्हणत बसू नकोस, डॉक्टरांकडे ने. 'जगून काय उपयोग' असं कधी तोंडून निघालं तर तुमच्याकडे अशा वेळी मदत करणारा ९८८ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, त्याच मिनिटाला लाव.

सासूबाईंना खरी तारीख सांग. त्यांना 'देवी बघतीया' एवढंच म्हणता येतं, कारण तुम्ही त्यांना 'सगळं ठीक आहे' एवढंच सांगता. कुठला दिवस शेवटचा, परत यावं लागलं तर घर कुठलं, शाळा कुठली, हे एकदा त्यांच्याशी बोल. राजारामपुरीत परत येणं म्हणजे बुडणं नव्हे गं.

दिवा उद्या लागला तर लाव, नाहीतर राहू दे. तुमच्या अपार्टमेंटात धुराचा अलार्म कोकलत असेल तर स्वयंपाकघरात एक्झॉस्ट चालू करून त्याच्याजवळ ठेव. माझी भाची तसंच करते. वात मात्र छोटी वळ.