आईची स्तनाची गाठ 'ईआर पॉझिटिव्ह' आहे. पाळी गेल्यावर अंगातून गरम वाफा येतात, त्यासाठी हार्मोनच्या गोळ्या चालतील का?

नाही, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या किंवा पॅच त्यांना देऊ नका. मी कोल्हापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये असते, अशा गाठींचे ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) रोज बघते. ईआर म्हणजे पेशीच्या केंद्रकातलं इस्ट्रोजेन पकडणारं प्रथिन. इस्ट्रोजेन त्याला चिकटलं की पेशीला वाढायचा हुकूम मिळतो, आणि हे प्रथिन दाखवणाऱ्या तपासणीत 1 टक्का पेशी जरी रंगल्या तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. म्हणून तर टॅमॉक्सिफेन देतात, ते स्तनात ही जागा अडवून बसतं. (हाडात आणि गर्भाशयात मात्र तेच औषध इस्ट्रोजेनसारखं वागतं, म्हणून ते चालू असताना अंगावरून रक्त गेलं तर लगेच दाखवा.) स्वीडनमधली 'हॅबिट्स' चाचणी नेमकी याच प्रश्नावर होती. हार्मोन घेतलेल्या बायकांत कॅन्सर जास्त वेळा उलटला, म्हणून ती 2003 मध्ये थांबवली.

वाफा सोसत बसायची गरज नाही. कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा:
- व्हेन्लाफॅक्सिन किंवा गॅबापेंटिन, ही हार्मोन नसलेली औषधं. टॅमॉक्सिफेन चालू असेल तर वाफांवरचंच पॅरॉक्सेटिन हे औषध टाळतात, त्याने टॅमॉक्सिफेनचा असर कमी होऊ शकतो
- शतावरीसारखं काही घरात चालू असेल तर तेही त्यांना सांगा

एक अपवाद: योनीमार्गाचा कोरडेपणा साध्या जेलने थांबलाच नाही, तर अगदी कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम डॉक्टर कधी कधी विचारात घेतात. तो निर्णय त्यांचाच, मेडिकलवाल्याचा नाही.