होमकुंडाचं नंतर बोलू, आधी पाय बघूया

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका बायचं पत्र आलंय. चार पानी आहे, सगळं इथे देत नाही, थोडक्यात सांगते. मिस्टर ५६ वर्षांचे, शुगर १८ वर्षांपासून, आता दोन वेळा इन्सुलिन. गेल्या पावसाळ्यात पायाला जखम झाली ती कळलीच नाही, शेवटी उजव्या पायाची करंगळी काढावी लागली. डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत आणि आता क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढतं ते) पण वाढायला लागलंय. ते २७ वर्षं शिरगावच्या लईराई देवीचे धोंड आहेत, म्हणजे व्रत करून जत्रेत होमकुंडाच्या निखाऱ्यावरून चालणारे भक्त, आणि यंदाही होमकुंडातून जाणारच म्हणतात. सासूबाई म्हणतात, देवी सांभाळते. बाय लिहिते, "मी ह्यांना अडवलं तर पाप माझ्या माथ्यावर येईल का? आणि हे पोलिसाचं काम मी आणखी किती वर्षं करू? रीडिंग कधी २८०, कधी ८०. कपाटात फरसाण सापडलं की भांडण. मागच्या महिन्यात रात्री तीनला हे घामाने भिजले, काहीतरी बडबडायला लागले, मी घाबरून लाडू भरवला. नंतर हे झोपले, मी सकाळपर्यंत जागी."

बाय, ती रात्रीची गोष्ट तू अगदी शेवटी दोन ओळीत लिहिलीस पण मी तिथूनच सुरू करते, कारण सगळ्यात घाईचं तेच आहे. घाम, बडबड, थरथर म्हणजे शुगर खाली गेली होती. ७० च्या खाली गेली की लगेच काहीतरी करायचं असतं. लाडू देऊ नको, त्यात तूप असतं, तुपाने साखर रक्तात उतरायला उशीर लागतो. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजायची, नाहीतर ग्लुकोज पावडर, पंधरा मिनिटं थांबायचं, परत मोजायचं, अजून कमी असेल तर परत तेवढंच. वर आली की मग दोन बिस्किटं नाहीतर अर्धी भाकरी, म्हणजे पुन्हा उतरत नाही. आणि माणूस शुद्धीवर नसेल, गिळत नसेल तर तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन. ग्लुकोजचा डबा आणि मशीन दोन्ही पलंगाजवळ ठेव, रात्री तीनला स्वयंपाकघरात डबे शोधत बसायला लागता कामा नये.

आता दुसरं, आणि हे डॉक्टरांना लवकर सांगायचं, पुढच्या तारखेची वाट बघत बसू नको. टोचलेलं इन्सुलिन शरीरातून काढून टाकायचं बरंचसं काम किडनी करते. किडनी मंदावली की तोच डोस शरीरात जास्त वेळ राहतो, म्हणजे पाच वर्षांपूर्वी जेवढे युनिट बरोबर होते तेवढेच आज जास्त होऊ शकतात. क्रिएटिनिन वाढणं आणि रात्री शुगर उतरणं या दोन गोष्टी तू वेगवेगळ्या पानांवर लिहिल्यास, पण त्या एकाच दोरीच्या असायची बरीच शक्यता आहे. डोस स्वतःहून कमी-जास्त करू नको, पण हे दोन्ही एकत्र त्यांच्या समोर ठेव. आणि विचार की यांचं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, किती असलं तर चालेल, कारण सगळ्यांनाच सातच्या खाली आणायचं नसतं, ज्यांची शुगर अशी उतरते त्यांना डॉक्टर थोडं सैल सोडतात. मग २८० दिसलं की घरात जे आकाश कोसळतं ते तरी थोडं कमी होईल.

२८० आणि ८० वरून अजून एक. तू पोटावर उजव्या बाजूलाच इंजेक्शन देतेस असं लिहिलंयस, तिथे हात फिरवून बघ, गाठ लागते का. एकाच जागी टोचत राहिलं की चामडीखाली गाठी होतात आणि तिथून इन्सुलिन कधी कमी जातं कधी जास्त. म्हणजे एवढी वर्षं ज्या आकड्यांवरून तुम्ही भांडलात त्यातले काही कदाचित फरसाणाचे नव्हतेच. गाठ लागली तर जागा बदलायच्या आधी पण डॉक्टरांना विचार, चांगल्या जागेवर तोच डोस जास्त लागू पडतो.

आता पाय. इथे मला माझ्या बाबांचं सांगायलाच हवं. ते पण असेच, वीस वर्षांची शुगर, पावसात पाय गार पडतात म्हणून रात्री गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपायचे. एका सकाळी आईने चादर काढली तर टाचेला हा एवढा फोड. बाबा म्हणाले, कसला फोड, मला काही नाही. त्यांना खरंच काही नव्हतं गं, ते खोटं बोलत नव्हते. फोड फुटला, घरीच हळद लावली, आठ दिवस गेले, आणि मग पाय घोट्याच्या वरून गेला. ते आठ दिवस मी अजून मोजते. मी तेव्हा घरी होते, रोज त्यांच्यासमोर चहा ठेवत होते, आणि एकदा पण खाली वाकून बघितलं नाही.

शुगरमध्ये सगळ्यात लांबच्या शिरा (रक्ताच्या नाही, जाणीव पोचवणाऱ्या) आधी जातात म्हणून पावलं आधी बधिर होतात. दुखणं कमी झालं की माणसाला वाटतं बरं वाटतंय. घाम आणणाऱ्या शिरा पण जातात, त्यामुळे चामडी कोरडी, भेगा पडतात, त्यातून जंतू आत, आणि रक्त कमी पोचतं म्हणून भरून यायला महिने. म्हणून रोज रात्री उजेडात दोन्ही पाय बघायचे, तळवे, टाचा, बोटांच्या मधे सुद्धा. चामडीला खोबरेल लाव पण बोटांच्या बेचक्यात नको, तिथे ओल राहते. पाणी हाताच्या कोपराने बघायचं, त्यांच्या पायाने नाही. कुळागरात, पोफळीच्या बागेत तर सोडच, घरात टाइल्सवर पण अनवाणी नाही, मऊ एमसीआरची (खास मऊ रबराची) चप्पल मिळते, मागे पट्टा असलेली घे, आणि घालायच्या आधी झटकून. कुरूप ब्लेडने कापायचं नाही. पाय अचानक सुजून गरम लागला, दुखत नसला तरी, जखम दिसत नसली तरी, त्याच दिवशी डॉक्टर. हळद नाही, उद्या नाही. आणि कंबर-गुडघे दुखले म्हणून फार्मसीतून पेनकिलर आणायची सवय असेल तर ती बंद, किडनीला ती गोळी फार महाग पडते.

आता होमकुंड.

मी स्वतः शिरगावला जत्रेला गेलेय. रात्रभर तळीवर आंघोळी, मोगऱ्याच्या माळा, हातातले गोंड्यांचे बेत (वेताच्या काठ्या), आणि पहाटे निखाऱ्यावरून जाणारे धोंड. ज्या माणसाने २७ वर्षं ते केलंय त्याला "यंदा नको" म्हणणं म्हणजे काय हे मला कळतं. तुझ्या मिस्टरांची करंगळी गेली, नजर कमी झाली, खाण्यावर पहारा बसला, रोज कोणीतरी सुई टोचतं. वर्षातले व्रताचे ते दिवस असे असतील जेव्हा ते पेशंट नसतात, धोंड असतात. म्हणून ते हट्ट करतात असं मला वाटतं, तुझा जीव जाळायला नाही.

तरीपण मी स्पष्ट सांगते, त्या पायाने निखाऱ्यावर जायचं नाही. इतकी वर्षं ते निखाऱ्यावरून गेले तेव्हा पायाला कळत होतं, पाऊल कुठे पडतंय, किती वेळ टेकतंय, कधी उचलायचं. आता ते कळणारच नाही. एखादा निखारा बोटांच्या मधे अडकला तर तो तिथेच राहील. आणि बाहेर आल्यावर "बघ, मला काही झालं नाही" असं ते म्हणतील, अगदी माझ्या बाबांसारखं. सासूबाईंना हे हळू सांग, की पूर्वी दुखलं नाही ती देवीची कृपा असेल, पण आता दुखत नाही कारण शीर मेलीय. दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं.

पण हे तू सांगायचं नाहीस. जत्रेला अजून दोन महिने आहेत, त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांनाच विचारू दे, "मी होमकुंडात उतरू का?" डॉक्टरांना म्हण, यांचे डोळे मिटवून पायाची टेस्ट करा, ती नायलॉनची बारीक तार असते ना, पायाला टेकवतात आणि विचारतात कळलं का, ती. तार टेकलीय आणि आपल्याला कळलं नाही हे माणसाला स्वतः कळलं की काहीतरी हलतं. तू शंभर वेळा ओरडून ते होणार नाही. व्रताचं पण तेव्हाच विचारा, त्या दिवसात जेवणाच्या वेळा आणि प्रमाण बदलणार, मग इन्सुलिनचं काय, कारण डोस तोच आणि जेवण कमी म्हणजे परत ती रात्री तीनची गोष्ट, आणि ती सुद्धा गर्दीत.

मग तुमच्या गावातल्या जाणत्या धोंडांकडे दोघं मिळून जा. म्हातारपणी, आजारपणात माणसं काय करतात, देवीला काय सांगून थांबतात, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. सोवळं, व्रताचं जेवण, मोगऱ्याचे कळे अर्पण करणं, यातलं किती ठेवता येईल ते तिथे ठरू दे. पापाचं विचारलंस. देवीच्या वतीने बोलायचा मला अधिकार नाही, पण नवऱ्याचा पाय वाचवणाऱ्या बाईवर आई कोपेल हे माझ्या मनाला पटत नाही, अजिबात नाही.

आता तुझं पोलिसाचं काम. ते सोड. खरंच सोड. १८ वर्षं तू मोजतेस, तू टोचतेस, तूच रागावतेस, आणि आजार त्यांचा असून ते तुझ्या घरात चोरासारखे फरसाण खातात, यात दोघांचंही भलं झालेलं नाही. डायरी त्यांच्या हातात दे, डोळ्यांना दिसत नसेल तर मोठ्या अक्षरात लिहू दे. मुलगा वेर्ण्याला कंपनीत जातो ना, त्याला शनिवार-रविवारी इंजेक्शन द्यायला शिकव, आणि शुगर उतरली तर काय करायचं ते आजच शिकव. तू फक्त दोन गोष्टी ठेव, रात्री पाय बघणं आणि पलंगाजवळचा तो डबा. ताटाचं म्हणशील तर शीत-कडी, म्हणजे भात आणि माशाची कडी, बंद करू नको, आपल्याकडे शीत-कडी बंद केली तर माणूस जेवलाच नाही असं होतं. शिताचा डोंगर अर्धा कर, बांगडा आणि भाजी वाढव. किडनीमुळे सुकं नुस्तं (सुकी मासळी) आणि लोणचं कमीच, मीठ फार असतं, आणि शहाळं रोज देतेस ते डॉक्टरांना विचारून, त्यात पोटॅशियम असतं.

आणि तुझ्या चार पानात तुझ्या तब्येतीचा एक शब्द नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा देशभरातला अभ्यास २०२३ मध्ये छापून आला, त्यात डायबिटीसचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात, २६.४ टक्के, देशाचं ११.४. म्हणजे चार मोठ्या माणसांमागे एक. तुझ्या शेजारच्या घरात पण हेच चाललेलं असेल, फक्त कोणी बोलत नाही. त्यांना ब्लड टेस्टला नेशील तेव्हा उपाशी पोटी तू पण जा आणि स्वतःचं रक्त दे.

आज रात्री जेवणं झाली की व्हरांड्यात चांगला दिवा लाव, त्यांना खुर्चीवर बसव, पाय मांडीवर घे आणि बघ. तेवढा वेळ फरसाण नाही, होमकुंड नाही, रीडिंग नाही. काही लाल, काळं, ओलं दिसलं तर उद्या सकाळी पहिलं तेच काम. आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला नक्की कळव, मी वाट बघते.

तुझी मावशी